नेत्रशस्त्रकर्माचे पूर्वकर्म व पश्चात्कर्म : उत्तरदायित्व कोणाचे?

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील अग्रोपहरणीय अध्यायात पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे शस्त्रकर्माचे तीन विभाग सांगितले आहेत, हे आपणा सर्वांस विद्यार्थिदशेपासून मुखोद्गत आहे. या विषयावर टीप लिहूनच आपण परीक्षा उत्तीर्ण झालो. परंतु आज गावोगावी दवाखाना चालविणारा वैद्य आणि औषधी दुकानाच्या फळीमागे उभा असणारा आपला दुकानदार बंधू या तीन कर्मांपैकी नेमके कोणते कर्म करतो, असे कोणी विचारल्यास आपल्यापाशी समाधानकारक उत्तर आहे काय? प्रस्तुत लेखात हा प्रश्न आम्ही मोतीबिंदूच्या शस्त्रकर्मापुरता मर्यादित ठेवून वाचकांसमोर मांडू इच्छितो.

नोव्हेंबर २०२० मध्ये तत्कालीन केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी शस्त्रकर्मांची सूची अधिसूचित केली. शल्याची ३९ आणि शालाक्याची १९, अशी एकूण ५८ शस्त्रकर्मे त्यात होती. त्यावरून देशभर किती वादळ उठले, हे सर्वज्ञात आहे. दि. ११ डिसेंबर २०२० रोजी आधुनिक वैद्यकाच्या संघटनेने देशव्यापी बंद पाळला. आपल्या बाजूनेही सभा झाल्या, निवेदने दिली गेली, लेख लिहिले गेले. शस्त्र कोणाच्या हाती असावे, या प्रश्नावर दोन्ही पक्ष हिरिरीने बोलले. त्या वादात आमची बाजू कोणती, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु तो सर्व वाद प्रधानकर्माचा होता. शस्त्रकर्मापूर्वीचे पंधरा दिवस आणि नंतरचे सहा आठवडे यांविषयी कोणत्याही व्यासपीठावरून कोणी एक शब्द उच्चारल्याचे आमच्या स्मरणात नाही. प्रधानकर्म पंधरा-वीस मिनिटांत आटोपते. उरलेला सर्व काळ रुग्ण आपल्या गावात, आपल्या घरात आणि बहुतेक वेळा आपल्याच दवाखान्याच्या आसपास असतो. आपल्या मोठ्या वर्गाने आयुष्यात कधी शस्त्र हाती घेतलेले नाही व पुढेही घेणार नाही. मात्र पूर्वकर्म आणि पश्चात्कर्म टाळणे यांपैकी कोणासही शक्य नाही. रुग्ण ते आपल्या दारी आणून ठेवतोच. प्रश्न इतकाच, की आपण ते जाणतेपणाने करतो, की अजाणतेपणाने बिघडवतो.

सन २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष सर्वेक्षणातील दोन आकडे येथे देणे उचित होईल. पन्नास वर्षांवरील व्यक्तींत आढळलेल्या अंधत्वाच्या कारणांत शस्त्रकर्म न झालेल्या मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के होता. मोतीबिंदूच्या शस्त्रकर्मानंतर उद्भवलेल्या उपद्रवांचा वाटा ७.२ टक्के होता. पहिला आकडा विलंबाचा आहे. दुसरा आकडा सर्वस्वी पश्चात्कर्माचा आहे असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्यात शस्त्रकर्माचे दोषही आले. तथापि ज्या व्यक्तीने धीर करून शस्त्रकर्म करून घेतले, तिच्याच वाट्याला पुनश्च अंधार यावा, ही गोष्ट कोणाही चिकित्सकास अस्वस्थ करणारी आहे.

एक प्रांजळ कबुली

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या दवाखान्यात नेहमी येणाऱ्या, वस्तीवर राहणाऱ्या एका वृद्ध मातोश्रींचे शिबिरात मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर त्यांना नातवाचे तोंड स्पष्ट दिसले. घरात आनंद झाला. पाचव्या दिवशी, शनिवारी सायंकाळी, मुलगा त्यांना घेऊन आमच्याकडे आला. डोळा लाल झाला होता, दुपारपासून ठणकत होता आणि काल दिसत होते तितके आज दिसत नव्हते. रुग्णालय साठ किलोमीटर अंतरावर, शेवटची एस.टी. निघून गेलेली. मुलाने विचारले, "डॉक्टरसाहेब, आत्ता गाडी करून नेऊ का, का सोमवारी नेलं तरी चालंल?" आम्ही डोळा पाहिला. शस्त्रकर्मानंतर थोडी लाली असावयाचीच, त्यात उन्हात हिंडण्याने पित्तप्रकोप झाला असेल, असे आमच्या मनाने घेतले. पोटात घेण्याचे पित्तशामक औषध दिले आणि सोमवारी जाण्यास सांगितले.

सोमवारी नेत्रतज्ज्ञांनी डोळ्याच्या आत पू झाल्याचे निदान केले. डोळ्यात प्रतिजैविकाची सुई दिली गेली. पुढील उपचारही झाले. डोळा राहिला, दृष्टी गेली. हात हलविलेला कळावा, एवढेच त्या डोळ्यास उरले. काही दिवसांनी मुलगा दुसऱ्याच कामासाठी दवाखान्यात आला असता सहज बोलून गेला, "तुम्ही सोमवारी म्हणाला म्हणून थांबलो." त्याच्या स्वरात रागाचा लवलेशही नव्हता. त्याने भांडण केले असते, तर आम्हांस सोपे गेले असते.

शनिवारी रात्रीच ते गेले असते, तर दृष्टी निश्चित वाचली असती, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. परंतु या उपद्रवात तासांना मोल असते आणि आम्ही छत्तीस तासांहून अधिक काळ वाया घालविला, ही वस्तुस्थिती आहे. आम्ही त्या डोळ्यात काहीही घातले नव्हते. केवळ "थांबा" हा एक शब्द दिला होता. चुकीच्या वेळी दिलेला शब्दही चुकीच्या औषधाइतकाच अपाय करतो, हे त्या दिवशी कळले.

शास्त्र काय सांगते?

या घटनेनंतर आम्ही उत्तरतंत्राचा सतरावा व अठरावा अध्याय पुन्हा एकवार, परीक्षेसाठी नव्हे तर स्वतःसाठी वाचला. कफज लिंगनाशाच्या शस्त्रकर्माचे वर्णन करताना आचार्य काळ निवडतात. तो फार उष्ण नसावा व फार शीतही नसावा. रुग्णास आधी स्नेहन व स्वेदन देतात. वेध झाल्यानंतर नेत्रावर घृत लावून वस्त्राने बांधतात आणि जेथे कोणतीही बाधा नाही अशा घरात रुग्णास उताणे निजण्यास सांगतात. त्या काळात ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे व शरीर हलविणे वर्ज्य केले आहे. दर तिसऱ्या दिवशी वातहर कषायाने नेत्र धुण्यास सांगितले आहे. असे दहा दिवस संयमाने राहावे व त्यानंतर दृष्टिप्रसादन उपचार आणि लघु अन्न मात्रेने सेवन करावे, असा आदेश आहे. पुढे राग, शोफ, चोष, अधिमंथ इत्यादी उपद्रव सांगताना ते वेधाच्या दोषाने होतात तसेच अहित आचरणानेही होतात, असे स्पष्ट म्हटले आहे.

म्हणजे शस्त्रकर्म उत्तम झाले तरी आचरणाने डोळा जाऊ शकतो, हे आपल्या शास्त्रास तेव्हाच ज्ञात होते. मात्र येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. सुश्रुतोक्त कर्म वेधनाचे होते. शलाकेने मार्गातील अडथळा दूर केला जाई, भिंग बाहेर काढले जात नसे. भिंग बाहेर काढण्याचे शस्त्रकर्म फ्रान्समधील दाव्हिएल यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास रूढ केले. कृत्रिम भिंग लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी १९४९ मध्ये प्रथम बसविले. ध्वनिलहरींनी भिंगाचा चुरा करून ते शोषून घेण्याची पद्धत अमेरिकेतील चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये आणली. आज दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून, बहुधा टाका न घालता, हे कर्म पूर्ण होते. तो छेद आपोआप मिटतो खरा, परंतु तो पक्का होईपर्यंत बाहेरील जंतूंस आत जाण्याची वाट असू शकते आणि आत एक परकी वस्तू कायमची ठेवलेली असते. अशा डोळ्यावर घृत अथवा घरी उकळलेला कषाय घालणे हे सुश्रुताचे अनुकरण ठरत नाही. ते सुश्रुताचे शब्द घेऊन त्यांचा हेतू टाकून देण्यासारखे होईल.

शास्त्राचा हेतू स्वच्छ आहे. व्रणास बाधा पोहोचू नये, शरीराच्या वेगांनी नेत्रावर ताण येऊ नये, ठरावीक दिवशी नेत्र तपासला जावा आणि अन्न पचेल असे व बेताचे असावे. क्रियाकल्पाच्या अध्यायात तर नेत्राचे उपद्रव शमलेले नसता तर्पण प्रशस्त नाही, असे आचार्यांनीच बजावले आहे. ज्यांस शस्त्रकर्मानंतर आठ-दहा दिवसांतच "डोळ्यास थंडावा" म्हणून तर्पण करण्याचा मोह होतो, त्यांनी हे वचन आवर्जून पाहावे.

पूर्वकर्म : वैद्याचे खरे क्षेत्र

पूर्वकर्माचा आरंभ रुग्णास वेळेवर पाठविण्यापासून होतो. "मोतीबिंदू अजून पिकला नाही" हे वाक्य आजही आपल्या भागात सर्रास ऐकू येते. जुन्या पद्धतींत या समजुतीस काही आधार होता, आजच्या पद्धतीत तो उरलेला नाही. उलट अति पिकलेले भिंग फुगून अथवा पाझरून डोळ्याचा दाब वाढवू शकते आणि अधिमंथासदृश तीव्र अवस्था उत्पन्न होऊन दृष्टी कायमची जाऊ शकते. दैनंदिन कामास अडथळा होऊ लागला, भाकरीवरचा करपलेला डाग दिसेनासा झाला, पायरीचा अंदाज चुकू लागला, की नेत्रतज्ज्ञांकडे पाठविण्याची वेळ झाली असे समजावे. एकदा धूसर झालेले भिंग कोणत्याही थेंबाने, अंजनाने वा पोटातील औषधाने स्वच्छ होत असल्याचे सिद्ध झालेले नाही. हे रुग्णास सांगण्यात आपला कमीपणा नाही.

शस्त्रकर्माचा दिवस ठरल्यानंतर रुग्ण बहुधा आपल्याकडे एक फेरी मारतोच. "करू का नको?" असे विचारावयास तो येतो. त्याच फेरीत पुढील गोष्टी पाहता येतात.

खोकला असल्यास तो आधी आटोक्यात आणावा. मलावष्टंभ असल्यास सौम्य अनुलोमन द्यावे. आचार्यांनी ज्या वेगांचा निषेध केला, त्यांचे कारण आधीच दूर करणे हे आपल्या हातचे काम आहे व ते आपण इतरांपेक्षा चांगले करू शकतो. मधुमेह व रक्तदाब यांची स्थिती पाहावी, साखर वाढलेली असल्यास तसे शल्यचिकित्सकास कळवावे. पापण्यांच्या कडांना कोंडा अथवा चिकटा आहे काय, नाकाजवळचा कोपरा दाबल्यास पू येतो काय, हे पाहावे. पूयालसाचे लक्षण असलेल्या रुग्णाचे शस्त्रकर्म त्याच्या उपचारापूर्वी होणे धोक्याचे आहे. ही तपासणी एक मिनिटाची आहे, तिला यंत्र लागत नाही.

रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी स्वहस्ते लिहून द्यावी आणि त्यात आपली औषधेही लिहावी. आपण दिलेले काढे, वटी व भस्मे यांचा उल्लेख रुग्ण रुग्णालयात करीत नाही, कारण त्याच्या मते ते औषधच नव्हे. प्रोस्टेटच्या तक्रारीसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्या पुरुषांत शस्त्रकर्माच्या वेळी बाहुली लुळी पडून अडचण उद्भवते, हे २००५ पासून वैद्यकास ज्ञात आहे. औषध पूर्वी घेऊन बंद केले असले तरी तसे सांगावे लागते. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र स्वतःच्या मताने बंद करू नये व आपणही बंद करवू नये. तो निर्णय ज्यांनी ती सुरू केली त्यांचा व शल्यचिकित्सकाचा आहे. शस्त्रकर्माच्या आधीच्या आठवड्यात तीव्र शोधन टाळावे, असे आमचे मत आहे. विरेचनाने क्षीण झालेला वृद्ध, साखर वरखाली झालेली, अशा स्थितीत शस्त्रकर्मास जाणे हिताचे नाही.

याहून महत्त्वाचा भाग औषधाचा नसून घराचा आहे. थेंब कोण घालणार? नंतरच्या पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळादेखील थेंब घालावे लागतात. मुलगा-सून ऊसतोडीस गेले असतील, घरात केवळ वृद्ध पतिपत्नी असतील आणि दोघांचेही हात थरथरत असतील, तर हा प्रश्न शस्त्रकर्मापूर्वीच सोडविला पाहिजे. शेजारची शाळकरी मुलगी हात धुऊन थेंब घालावयास शिकते, असा आमचा अनुभव आहे. स्वयंपाक चुलीवर होत असल्यास पंधरा दिवस चुलीपुढे कोण बसणार, हे ठरवावे. सुश्रुतांचे निर्बाध घर म्हणजे आपल्या वस्तीवर धूर, गोठा व मळणीची धूळ यांपासून दूर असलेली एक खाट होय. तपासणीस पुन्हा जाण्याचा दिवस, सोबतीचा माणूस व भाड्याचे पैसे यांचीही योजना आधी व्हावी. महाराष्ट्रात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांस २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला, हे अनेकांस ठाऊकही नाही. "भाडे नव्हते म्हणून गेलो नाही" हे उत्तर आम्ही अनेकदा ऐकले आहे. आणि शेवटी, रात्री-अपरात्री दुखू लागल्यास कोणत्या वाहनाने जाणार, हेही विचारून ठेवावे. आमच्या त्या मातोश्रींच्या बाबतीत हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. आम्हीही नाही.

पश्चात्कर्म : काय करावे, काय करू नये

पश्चात्कर्माचा पहिला नियम निषेधाचा आहे. शस्त्रकर्म झालेल्या डोळ्यात, नेत्रतज्ज्ञांनी मोकळीक देईपर्यंत, त्यांच्या चिठ्ठीबाहेरचे काहीही घालू नये. मध, गुलाबजल, एरंडेल, त्रिफळ्याचे पाणी, तूप, मातेचे दूध, काजळ यांपैकी काहीही नको. तर्पण, सेक, आश्च्योतन, पुटपाक व अंजन या क्रिया नकोत. नस्य व शिरोधाराही तोवर थांबवाव्यात. ही द्रव्ये वाईट आहेत असा याचा अर्थ नाही. व्रण ताजा आहे व ती निर्जंतुक नाहीत, एवढाच अर्थ आहे.

दुसरा नियम लक्षणांचा. वाढत जाणारी वेदना, वाढत जाणारी लाली, कमी होत जाणारी दृष्टी, चिकट स्राव अथवा पापणीची सूज यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी त्याच दिवशी, त्याच घटकेस रुग्णास शस्त्रकर्म झालेल्या ठिकाणी अथवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यात प्रकट होतो, परंतु नंतरही होऊ शकतो. डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखी होणे, एकाएकी पुष्कळ काळे ठिपके दिसणे अथवा बाजूने पडदा येणे ही दृष्टिपटल सुटल्याची लक्षणे असू शकतात. तेथेही विलंब नको. किंचित खुपणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे हे पहिल्या काही दिवसांत असते, परंतु ते दिवसेंदिवस उतरले पाहिजे. चढत असेल तर ते सामान्य नव्हे. उतरते की चढते, एवढी एकच कसोटी लक्षात ठेवली तरी पुष्कळ साधेल. बारा वर्षांपूर्वी ती आमच्या ध्यानी असती, तर "काल दिसत होते तितके आज दिसत नाही" या एका वाक्यावर आम्ही गाडी बोलाविली असती.

तिसरा नियम पथ्याचा. येथे जनमानसात आपल्याच नावाने पुष्कळ गैरसमज रूढ आहेत. आंबट खाल्ल्यास पू होतो, डाळ वातूळ, वांगे वर्ज्य, असे एकेक करीत शेवटी वृद्धाच्या ताटात भात व पाणी एवढेच उरते. आचार्यांनी लघु अन्न मात्रेने घ्यावयास सांगितले आहे, उपाशी राहण्यास नव्हे. मुगाचे वरण, भाकरी, पालेभाजी, दूध, ताक, प्रकृतीस मानवेल ते सर्व चालावे. मलावरोध होऊ नये इतके पाहावे. मधुमेही रुग्णास केवळ भातावर ठेवणे हे पथ्य नव्हे, अपथ्य होय.

उर्वरित गोष्टी रुग्ण विचारतोच. उताणेच निजण्याची सक्ती आता सामान्यतः नसते, परंतु शस्त्रकर्म झालेल्या कुशीवर निजू नये व रात्री डोळ्यावर संरक्षक झाकण लावावे. डोळा चोळू नये. डोक्यावरून स्नान, जड ओझे, पोहणे, धूळ व धूर हे शल्यचिकित्सक सांगतील तितके दिवस वर्ज्य करावे. चष्म्याचा क्रमांक साधारणतः महिना-दीड महिन्याने स्थिरावतो, तोवर घाई करू नये. काही वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागल्यास "मोतीबिंदू परत आला" असे म्हणू नये. भिंगामागील पडदा धूसर होतो व तो लेझरने मोकळा करता येतो.

औषधी दुकानदारांस विनंती

शस्त्रकर्मानंतरच्या थेंबांत बहुधा प्रतिजैविक व स्टिरॉइड असते. त्यांची मात्रा आठवड्यागणिक कमी करीत चार ते सहा आठवड्यांत ती बंद करावयाची असतात. रुग्णास थेंबाने बरे वाटते, म्हणून तो रिकामी बाटली घेऊन दुकानात येतो व "हेच द्या" म्हणतो. आपण देतो. स्टिरॉइडचा थेंब महिनोन्महिने चालू राहिल्यास डोळ्याचा दाब वाढून नेत्रनाडीस इजा होते, आणि ती दुखत नाही, म्हणून कळतही नाही. चिठ्ठीवरील मुदत संपल्यावर तीच बाटली पुन्हा न देणे, हे दुकानदाराने करावयाचे पश्चात्कर्म आहे. यात एका बाटलीची विक्री बुडते, हे आम्ही जाणतो. तरीही ही विनंती करीत आहोत.

दोन बाटल्या सारख्याच दिसत असल्यास एकीस लाल व दुसरीस हिरवी चिकटपट्टी लावून द्यावी. निरक्षर रुग्णास त्याने मोठा आधार होतो. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी व महिन्यानंतर ती फेकून देण्यास सांगावे. एका घरातील उरलेला थेंब दुसऱ्या घरात जाऊ देऊ नये. तसेच मोतीबिंदू विरघळविणाऱ्या औषधांचे फलक दुकानात लावण्यापूर्वी १९५४ चा औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आठवावा. ज्या रोगांवरील उपचारांच्या जाहिरातींस त्या कायद्याने मज्जाव केला आहे, त्यांच्या सूचीत मोतीबिंदूचे नाव आहे. कायदा बाजूस ठेवला, तरी त्या फलकापायी शस्त्रकर्म दोन वर्षे लांबविणाऱ्या रुग्णाचा विचार करावा.

एक आक्षेप व एक सूचना

यावर आमचे काही वैद्यमित्र विचारतील, की मग आम्ही परशास्त्राचे मदतनीस व्हावे काय? आमच्या शास्त्राची प्रतिष्ठा ती काय राहिली? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पदवीच्या पहिल्या दिवसापासून दुय्यम लेखले जाण्याचे शल्य आम्हीही भोगले आहे. परंतु व्रणितोपासनीय असा स्वतंत्र अध्याय लिहून व्रणिताचे घर, शय्या, सोबत व आहार यांचा विचार करणाऱ्या आचार्यांनी पश्चात्कर्मास दुय्यम मानले नव्हते. ते दुय्यम आपण मानले. रुग्ण ज्याच्यावर विश्वास ठेवून "नेऊ का थांबू?" असे विचारतो, त्याच्या हाती प्रधानकर्म करणाऱ्याइतकेच उत्तरदायित्व असते. शालाक्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन आपले तरुण शस्त्र हाती घेतील, तेव्हा त्यांच्या रुग्णांचेही पूर्वकर्म व पश्चात्कर्म गावातील वैद्यानेच पाहावयाचे आहे. ती शिस्त आजपासून अंगी बाणवली, तर उद्या आपल्याच शास्त्राच्या उपयोगी पडेल.

म्हणून आमची संघटनेस नम्र सूचना अशी, की एका पानाचे "नेत्रशस्त्रकर्म पत्रक" तयार करून सर्व सभासदांस द्यावे. त्याच्या एका बाजूस रुग्णाच्या सर्व औषधांची यादी, मधुमेह व रक्तदाबाची स्थिती, थेंब घालणाऱ्या व्यक्तीचे नाव, फेरतपासणीच्या तारखा आणि रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक लिहिण्यास जागा असावी. दुसऱ्या बाजूस धोक्याची लक्षणे मोठ्या अक्षरांत व चित्रांसह छापावीत. प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातील नेत्रतज्ज्ञांस एकदा चहास बोलवावे. कोणाचे शास्त्र श्रेष्ठ, यावर त्या बैठकीत चर्चा नको. सुटीच्या दिवशी व रात्री दूरध्वनी कोण उचलणार, एवढेच ठरवून उठावे.

आमच्या दवाखान्यात असे पत्रक हाताने लिहून देण्याची पद्धत आम्ही त्या घटनेनंतर सुरू केली. दोन वर्षांनी त्याच मातोश्रींच्या दुसऱ्या डोळ्याचे शस्त्रकर्म ठरले. "एक गेला तेवढा पुरे" म्हणून त्या तयार नव्हत्या. मुलगा त्यांस आमच्याकडेच घेऊन आला, ही त्याची थोरवी. आम्ही घडलेली चूक त्या दोघांस स्पष्ट शब्दांत सांगितली, क्षमा मागितली आणि मग पत्रक लिहावयास घेतले. खोकला होता, तो आधी बरा केला. थेंब घालण्याचे काम नातवाकडे दिले, शनिवार-रविवारसाठी शेजाऱ्याची जीप सांगून ठेवली. जीप लागली नाही. तो डोळा आजही उत्तम आहे.

शस्त्र कोणाच्या हाती असावे, हा वाद चालू राहील. त्याचा निर्णय परिषदा व न्यायालये करतील. परंतु शनिवारी सायंकाळी दारात उभ्या असलेल्या रुग्णास काय सांगावे, याचा निर्णय कोणतीही परिषद येऊन करणार नाही. तो आपणांसच, उभ्या उभ्या करावयाचा आहे. त्याची तयारी आज करावी, एवढीच सर्व वैद्यबंधुभगिनींस व औषधी व्यावसायिकांस कळकळीची विनंती. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.